पट्टा कुणी काढायला सांगितला?

गुरुबसप्पा सरांचं बोलणं ऐकून दामिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि सांगितलं तरी कसं, तर मोबाइलवर बोट फिरवत, चहात साखर कमी घाल म्हटल्यासारखं.

"दामिनी, ते भिंतीतल्या पट्ट्याचं काढून टाक गं. वैजनाथराव खर्चावरून कुरकुर करून राहिलेत."

गुरुबसप्पा सरांच्या लातूरमधल्या घरबांधणीच्या नकाशांच्या ऑफिसात सगळ्या कॉम्प्युटरांवर दामिनीनंच शॉर्टकट बसवले होते. जिन्याला एक अक्षर, दाराला एक. भिंतीसाठी 'बी' दाबलं की तिनं लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, भिंत आखायची आणि दार-खिडक्यांच्या डोक्यावरून सगळ्या भिंतींना बांधून ठेवणारा काँक्रीटचा पट्टाही टाकायची. न विचारता. विचारायचं कशाला? तिच्या आईचं माहेर किल्लारीजवळचं. भूकंपात आईच्या दोन बहिणी भिंतीखाली गेल्या. आई आजही भिंतीला टेकून बसत नाही.

आणि हे वैजनाथराव बांधणार होते काय, तर शिकवणीला आलेल्या पोरींसाठी खोल्या! मुखेड-नायगावकडच्या आईबापांनी पोटाला चिमटा काढून पाठवलेल्या पोरी.

"सर, पोरी झोपणार हायत तिथं."

"अगं, इतक्या वर्षांत काय झालं का? लई शहाणपणा नको. संध्याकाळी नकाशा पाहिजे."

या माणसाशी डोकं फोडून काही होणार नव्हतं. दामिनी दातओठ खात स्क्रिप्ट उघडून बसली.

संध्याकाळी वैजनाथराव हजर झाले. त्यांना दाखवायला सरांनी ऐटीत खुर्ची ओढली आणि स्वतःच 'बी' दाबलं. पडद्यावर प्रश्न आला: पट्टा हवा की नको? सरांनी खुशीत 'नको' निवडलं. लगेच दुसरा प्रश्न आला: कुणाच्या सांगण्यावरून? नाव नकाशावर छापलं जाईल.

"हे काय काढलंस?"

"तुम्ही म्हणलात तेच, सर. पट्टा निघतोय. नाव तेवढं टाका."

"तुझंच टाक की."

"मी कुठं सांगितलं?"

सर वैजनाथरावांकडे वळले. "तुमचं टाकू?"

"माझं कशाला? मी काय इंजिनेर हाय?"

"पण खर्च तुमचा वाचून राहिलाय ना!"

"न्हाई न्हाई, माझं नाव न्हाई पाहिजे त्यात."

सरांनी कीबोर्डवर बोट ठेवलं, आपल्या नावाचं पहिलं अक्षर टाकलं आणि पुसलं. मग रागारागानं पहिल्या प्रश्नावर परत जाऊन त्यांनी 'हवा' निवडलं. खोल्यांच्या रांगेवरून पट्टा सरकन फिरला.

"उद्या तुझ्याकडं बघतो," ते दामिनीला म्हणाले.

"बघा," ती म्हणाली आणि पर्स उचलून बाहेर पडली.

पट्टा राहिला म्हणून तिला बरं वाटायला हवं होतं, पण जिना उतरताना राग आणखीच चढला. नाव लिहायला दोघांतला एकही तयार नव्हता. पोरींना त्या भिंतीखाली झोपवायला मात्र दोघंही तयार होते.