जवळची गाडी

हॉलच्या दारात उभा असलेला माणूस दिसला आणि रिमोटच्या छोट्या गाडीच्या मागच्या चाकाचा स्क्रू काकांच्या हातून निसटला. तो टेबलावरून घरंगळत गेला. सुनेने काठावर झेलला आणि विचारलं, काय झालं? काका म्हणाले, काही नाही. पण तोवर तिनेही मान वळवून दाराकडे पाहिलं होतं.

दारात तिचा नवरा उभा होता. काकांचा मुलगा. खांद्यावर बॅग, हातात गाडीची पेटी, आणि मान पूर्वीसारखीच एका बाजूला कललेली. घर सोडून गेल्यापासून तो या दोघांच्या दृष्टीस पडला नव्हता.

सुनेने स्क्रू काकांच्या तळहातावर ठेवला. "हातातलं पुरं करा बाबा," ती म्हणाली. "पहिली फेरी आपलीच आहे."

काकांनी स्क्रू बसवला. मात्र एकदा आवळून झाल्यावर त्यांनी तो पुन्हा आवळला, आणि मग तिसऱ्यांदाही.

काका लिफ्टची देखभाल करत. उंच इमारतींच्या माथ्यावरच्या, तेलाचा वास भरलेल्या खोल्यांत त्यांचा जन्म गेला होता. लिफ्ट निघताना माणसाच्या पोटात गोळा येऊ नये आणि थांबताना गुडघ्यांना कळू नये, एवढंच आपलं काम, असं ते सांगत. शर्यतीला येणारे सगळे त्यांना लिफ्टकाका म्हणत. सून एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. श्वास रोखा, हलू नका, हे दिवसभर दुसऱ्यांना सांगते आणि रिमोट हातात आला की स्वतःच श्वास रोखून बसते, असं काका तिला चिडवत.

मुलगा गेला तेव्हा काकांची बायको अंथरुणाला खिळलेली होती. परगावी चांगली नोकरी मिळाली, असं सांगून तो गेला. तिथे नोकरीशिवाय आणखीही कुणी आहे, हे पुढे कळलं. सुनेच्या माहेरची माणसं तिला न्यायला आली, तेव्हा ती म्हणाली, आईंना अशा अवस्थेत टाकून कशी येऊ? आई गेल्या. माहेरच्यांनी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा काहीतरी कारण सांगितलं. काकांनी ते खोदून विचारलं नाही. घरात दोन माणसं उरली आणि दोघांकडे एकमेकांशी बोलायला विषयच नव्हता. जेवताना चमचे वाजायचे, तेवढाच काय तो आवाज.

मग एका सुट्टीच्या दिवशी माळा आवरताना तिला नवऱ्याची जुनी गाडी सापडली. रिमोटवर चालणारी, हातभर लांब, खऱ्या मोटारीची हुबेहूब नक्कल. लग्नाआधी तो या गाड्यांच्या शर्यतींचा वेडा होता. टाकून देऊ का, तिने विचारलं. काकांनी गाडी हाताने खाली दाबून सोडली. ती अडखळत वर आली. "शॉकमधलं तेल वाळलंय," ते म्हणाले. "बदलून बघू."

त्या दिवसापासून घरात विषय आला. स्प्रिंग नरम हवी की कडक, चाकं आत किती कलती ठेवायची, वळणावर गाडीचं पुढचं तोंड का पळतं. पुढ्यातलं जेवण गार होई आणि वाद काही मिटत नसे. काका जुळवणार, ती चालवणार, अशी वाटणी आपसूक झाली. पहिल्या हंगामात सून रस्त्यापेक्षा कडेच्या फळ्यांनाच जास्त भेटली. नंतर हात बसला. मोडेल तो भाग बदलत बदलत त्या जुन्या गाडीतलं आता काहीच शिल्लक राहिलं नव्हतं.

आज हंगामातली शेवटची आणि मोठी शर्यत होती. खेळाच्या हॉलमध्ये करडं कार्पेट अंथरून त्यावर वळणावळणाचा रस्ता आखला होता. दुपारपर्यंत पात्रता फेऱ्या झाल्या. मुलगा सगळ्यांत वेगवान ठरला. त्याच्या अगदी पाठीला लागून सून दुसरी.

सुट्टीत तो त्यांच्या टेबलाशी आला. काकांना तब्येत विचारली. सुनेला काय विचारावं ते त्याला सुचलं नसावं, म्हणून तो गाडीकडे बघत राहिला आणि मागची बाजू छान बसवलीय, असं म्हणाला. मग बॅगेतून एक लिफाफा काढून त्याने तिच्यापुढे ठेवला. वेगळं होण्याचे कागद होते. त्याच्या घरी आता बाळ येणार होतं. ते येण्याआधी सगळं रीतसर व्हावं, अशी तिकडची इच्छा होती. पोस्टाने पाठवणार होतो, पण ते बरं दिसलं नसतं, म्हणाला.

सुनेने लिफाफा उघडला नाही. बॅटरीच्या डब्याखाली सरकवून ठेवला, पंख्याने उडू नये म्हणून. "शर्यत झाली की सही करते," ती म्हणाली. "आत्ता हाताला औषध लागलंय." टायरची पकड वाढावी म्हणून लावतात ते औषध तिच्या बोटांना खरोखरच लागलेलं होतं.

ती हात धुवायला गेली, तसा मुलगा जवळ सरकला. हळू आवाजात म्हणाला, आता ती तुमच्याकडे कुठल्या नात्याने राहणार? आज ना उद्या जाईलच आपल्या वाटेने. तुम्ही एकटे किती दिवस काढणार? "आमच्याकडे या बाबा. नातवंड खेळवा."

नातवंड हा शब्द त्यांच्या घरात बऱ्याच दिवसांत कुणी उच्चारला नव्हता. बायको असताना ती फार उच्चारायची. आता तो अचानक कानावर पडला आणि त्यांच्या छातीत कुठेतरी अडकून बसला. आपल्याला आनंद झाला आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्या आनंदाचीच त्यांना भीती वाटली.

सून परत आली ती मनाशी काहीतरी ठरवूनच. "मागे कडक स्प्रिंग घाला," म्हणाली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. कडक स्प्रिंगने गाडी वळणात झटकन शिरते हे खरं, पण जरा कुठे धक्का लागला की पलटी खाते. सकाळपासून ती नरम स्प्रिंगवर बिनचूक चालली होती.

"नरमवर दुसरी येशील, नक्की," ते म्हणाले.

"माहितीय."

त्यांनी स्प्रिंग बदलली.

शर्यतीचे व्यवस्थापक दिवसभर कर्ण्यावरून ओरडत असत, म्हणून त्यांना सगळे भोंगेसाहेब म्हणत. अंतिम फेरीआधी त्यांनी एक अडचण सांगितली. वळणावळणावर मार्शल उभे करायचे असतात. एखादी गाडी उलटली की धावत जाऊन ती सरळ करून द्यायची, हे त्यांचं काम. लांब सरळ रस्ता जिथे संपतो त्या वळणावरच्या माणसाची कंबर धरली होती. अंतिम फेरीतले सगळे चालक मचाणावर, बाकीचे आपापल्या जागी. मोकळे होते ते फक्त लिफ्टकाका.

घरचा माणूस वळणावर कसा चालेल, असं कुणीतरी म्हटलं. आणि घरचाही कुणाच्या घरचा, असं दुसऱ्याने विचारलं. त्यावर थोडं हसू झालं आणि लगेच विरलं. भोंगेसाहेबांनी मचाणाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, मला चालेल. सून म्हणाली, मलाही. काकांना कुणी विचारलं नाही. त्यांच्या अंगात नारिंगी जाकीट चढलंसुद्धा.

"नियम ठाऊक आहे ना काका?" भोंगेसाहेबांनी कर्णा बाजूला धरून विचारलं. "जवळची गाडी आधी. मग ती कुणाची का असेना."

काका जाऊन वळणाशी उभे राहिले. समोर, हॉलच्या दुसऱ्या बाजूला उंच मचाण होतं आणि त्यावर ओळीने उभे चालक. सून आणि मुलगा शेजारीशेजारी होते, कोपराला कोपर लागेल इतके. लग्नाच्या दिवसानंतर काकांनी त्या दोघांना असं शेजारी उभं पाहिल्याचं त्यांना आठवेना.

शिट्टी झाली आणि सगळ्या गाड्या एकदम किंचाळल्या.

इंजिन नसलेल्या या गाड्यांचा आवाज सुईसारखा असतो. तो वाढत काकांकडे येई, पायांशी वळण घेई आणि दूर जाई. मुलगा पुढे होता. त्याची गाडी रुळावरून चालल्यासारखी चालली होती. सून मागे, पण सुटलेली नव्हती. वळणात ती त्याच्या अंगावर जाई, सरळ रस्त्यावर तो पुन्हा अंतर काढी. कडक स्प्रिंगमुळे तिचं मागचं आतलं चाक प्रत्येक वळणाला उचललं जात होतं. ते उचललं की काकांच्या पोटात तो गोळा येई, जो त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या पोटात येऊ दिला नव्हता.

अर्धी शर्यत झाली. बाकीचे मागे पडले. एकदा तिने आतून तोंड घातलं, त्याने वाट अडवली, ती मागे हटली. पुढच्या फेरीला पुन्हा घातलं, पुन्हा हटली. लोक बाकांवरून उठून उभे राहिले. काका मचाणाकडे बघायचं टाळत होते, तरी एकदा नजर गेलीच. मुलाच्या कपाळावर घाम होता. सून श्वास रोखून उभी होती.

भोंगेसाहेब ओरडले, शेवटची फेरी.

सरळ रस्त्यावरून दोघं आले ते जवळजवळ जोडीनेच. तिने यावेळी उशिरा ब्रेक लावला, फारच उशिरा, आणि आतून शिरली. निम्मी गाडी त्याच्या बाजूला आली होती. त्याने वाट दिली नाही, किंवा त्याला द्यायला वेळ मिळाला नाही. चाकात चाक अडकलं. दोन्ही गाड्या हवेत गेल्या. त्याची काकांच्या पुढ्यात टपावर आपटली. तिची दोन कोलांट्या खाऊन फळीशी कुशीवर पडली, थोडी पलीकडे.

दोन्ही गाड्यांची चाकं रिकामीच फिरत होती.

काका वाकले. पुढ्यातली गाडी उचलली, सरळ केली, खाली ठेवली. ती सुटली. मग ते फळीकडे धावले. त्यांच्या वयाला जेवढं धावता येतं तेवढं. तिची गाडी उचलून ठेवली, तोवर मागून तिसऱ्या नंबरची गाडी सुळकन निघून गेली होती. सुनेच्या गाडीचं पुढचं एक चाक वाकडं झालं होतं. ती लंगडत निघाली आणि लंगडतच रेषा ओलांडून तिसरी आली.

मुलगा जिंकला.

टाळ्या वाजल्या, पण त्यात कुजबुजही होती. काकांना ती पाठीमागून ऐकू येत होती. शेवटी मुलगा तो मुलगाच, असं कुणीतरी अगदी स्पष्ट म्हणालं. काकांनी जाकीट उतरवलं, घडी घातली आणि बाकावर ठेवलं.

मुलगा मचाणावरून जवळजवळ पळतच आला. त्याचे डोळे ओले होते. त्याने काकांचा हात दोन्ही हातांत धरला.

"मला वाटलं नव्हतं बाबा," तो म्हणाला. "तुम्ही माझी आधी उचलाल, असं खरंच वाटलं नव्हतं."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. आता एक शब्द न बोलता नुसता हात दाबला असता तरी चाललं असतं. मुलाला ते आयुष्यभर पुरलं असतं. कदाचित त्यांनाही.

"तुझी जवळ होती," ते म्हणाले. "म्हणून उचलली."

मुलाचे हात जरा वेळ तसेच राहिले. मग सुटले. तेवढ्यात सून आली आणि तिघं टेबलाशी गेली. तिने लिफाफा उघडला, पानं वाचली, घाई न करता, आणि स्क्रूड्रायव्हरांच्या गर्दीत जागा करून जिथे जिथे सांगितलं होतं तिथे सही केली. कागद परत देताना तिने बाळासाठी त्याला दोन बरे शब्दही सांगितले. ते तिने मनापासून सांगितले, हे काकांना कळलं, आणि मुलालाही कळलं असावं, कारण त्याने मान खाली घातली.

बक्षीस घ्यायला निघताना त्याने काकांना पुन्हा विचारलं, मग कधी येताय?

"बाळ झालं की कळव. बघायला येईन."

"बघायला?"

"राहायला मला माझं घर आहे," काका म्हणाले. "ते रिकामं नाही."

तो गेला. बक्षीस देताना भोंगेसाहेबांनी कर्ण्यावरून त्याचं फार कौतुक केलं, तेव्हा हे दोघं टेबलाशीच होते. सुनेने गाडी उलटी करून ठेवली होती. पुढच्या चाकाला धरणारा हात मुळाशी तडकला होता. तो सोडवायला घेतला, तर त्याचा स्क्रू वाकडा होऊन रुतून बसलेला.

मग ती गाडीकडे बघत बोलली.

"माझी जवळ असती तर?"

"तर तुझी उचलली असती."

"आणि दोन्ही सारख्याच लांब असत्या तर?"

काकांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. हा प्रश्न येणार हे त्यांना ठाऊक होतं. वळणावर उभं राहिल्यापासून ते स्वतःलाच तो विचारत होते.

"तर मी तसाच उभा राहिलो असतो," ते म्हणाले. "दोघांनाही उशीर झाला असता."

सुनेने वर पाहिलं. काकांना तिच्याकडे बघणं जमलं नाही. ते पुन्हा स्क्रूला लागले, पण तो फिरेना. गाडी टेबलावर गोल गोल सरकत राहिली. तेव्हा तिने हातातलं फडकं खाली ठेवलं, पलीकडच्या बाजूने वाकून गाडी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि म्हणाली, "आता फिरवा."