विल्हेल्मिनाचा वाटा

आमच्या पणजीचा, विल्हेल्मिना राडकेचा फोटो चर्चच्या हॉलमध्ये कॉफीच्या मोठ्या किटलीच्या वर, भिंतीवर टांगलेला आहे. चेहरा असा, की बघूनच दूध नासावं. हिमवादळात वासरं वाचवायला बाहेर पडली नि गोठून मेली, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. आयोवात दर घराण्यात एक तरी म्हातारी वासरं वाचवताना मेलेली असते, म्हणून मी ते कधी फारसं मनावर घेतलं नाही. माझी थोरली बहीण लिओना मात्र त्या फोटोखालून जाताना आवाज खाली करायची.

ऐंशी उलटल्यावर लिओनानं शेत मुलाच्या, रॉइसच्या नावावर करायचं ठरवलं. मी म्हटलं, बाई, जिवात जीव आहे तोवर हातचं सोडू नकोस. पण ऐकेल तर ती लिओना कसली! तिला एकच धास्ती होती. तिला मरायचं होतं ते त्या घरात, आपल्या माणसांत. वृद्धाश्रमात परक्यांच्या हाती नाही. म्हणून तिला पणजीचा कागद हवा होता. आमच्या जर्मन लोकांत जुनी रीत होती. शेत मुलाला देताना म्हातारं माणूस आपल्याला मरेपर्यंत काय काय मिळायचं ते लिहून घ्यायचं आणि कचेरीत नोंदवायचं. त्याला म्हाताऱ्यांचा वाटा म्हणायचे. पोटच्या पोराकडून असं लिहून घेण्यात कोणाला काही वाटत नसे. देवाखालोखाल आमचा विश्वास कागदावर, आणि देवाचंही छापलेलं असेल तेवढंच आम्ही मानतो.

तर मी तिला गाडीत घालून जिल्ह्याच्या कचेरीत नेलं. तिथल्या पोरीनं जुनं बाड आणून दिलं आणि कागद सापडला. विल्हेल्मिनानं शेत मुलाला, ऑगस्टला दिलं होतं. बदल्यात तिला अंगणापलीकडची खोली, एक शेगडी, पीठ, लोणी, रविवारी चर्चला जाताना गाडीत जागा, आणि थंडीभर पुरेल इतकं लाकूड अंगणात आणून द्यायचं. लिओना बोट फिरवत वाचत होती आणि डोळे पुसत होती. "किती मानानं ठेवलं बघ तिला," म्हणाली.

तिथंच उठलो असतो तर बरं झालं असतं. पण मला मेलीला नाही तिथं नाक खुपसायची सवय. मी त्या पोरीला म्हटलं, आता ती मेल्याची नोंदही दाखव. तिनं नोंदीबरोबर चौकशीचे कागदही आणले.

वासरंबिसरं काही नव्हती. म्हातारी लाकडांच्या ढिगापाशी गोठलेली सापडली होती, हाताशी कुऱ्हाड. ओंडके तिच्यानं फुटले नव्हते. पंचांनी ऑगस्टला विचारलं, तर त्यानं सरळ सांगितलं, "लाकूड अंगणात आणून द्यायचं होतं, ते मी दिलं. फोडून आत नेऊन द्यायचं असं कागदात नाही." तिला पाहिलं होतंस का? तर म्हणे, हो, खिडकीतून. खाली बसलेली दिसली. दमली असेल म्हटलं. पंच म्हणजे चर्चचेच वडीलधारे. त्यांनी लिहिलं की दोष कोणाचाच नाही, मुलानं करार शब्दन्‌शब्द पाळला. मग त्याच लोकांनी वासरांची गोष्ट रचली असणार आणि तिचा फोटो टांगला. हा ऑगस्ट म्हणजे आमचा आजोबा. मला मांडीवर बसवून सफरचंद सोलून द्यायचा.

परत येताना लिओना खिडकीबाहेर बघत बसली होती. मला वाटलं, बरं झालं, डोळे उघडले. मध्येच ती म्हणाली, "पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. फोडून आणि आत आणून, असं लिहायला हवं होतं तिनं." गाडी मक्याच्या शेतात घालायची तेवढी राहिली.

मग लिओना लिहायला बसली. खालच्या मजल्यावरची रस्त्याकडची खोली. तिथं ऊब. तीन वेळा गरम जेवण, तेही टेबलावर, ताटात वाढून. वेळच्या वेळी औषधं. रविवारी गाडीत पुढची जागा. शुक्रवारी केस सेट करायला नेणं. रॉइस शेजारी बसून मान डोलवत होता. पोरगा वाईट नाही हो, हीच तर पंचाईत. कधी खोटं बोलला नाही, कोणाचं बुडवलं नाही. "आई, आणखी काही असेल तर आत्ताच सांग," असं तो दोनदा म्हणाला. त्याची बायको केंड्रा म्हणाली, सूप रोज हवं की एक दिवसाआड, तेही लिहा. मी लिओनाला म्हटलं, त्यापेक्षा माझ्याकडे ये. तर म्हणे, तुझ्याकडे जिने आहेत. आणि सही केली.

त्या थंडीत मी दर रविवारी जायचे. खोली उबदार, चादरी इस्त्रीच्या, लिओनाचे केस अगदी राणीसारखे. जेवायला ती त्या लांबलचक टेबलावर एकटी. केंड्रा ताट ठेवायची आणि दोघं आपली ताटं घेऊन खाली तळघरात टीव्हीपुढे जायची, मागोमाग त्यांची कुत्री. गाडीत पुढची जागा होती, पण रेडिओ चालू. मला पाहिलं की लिओना अशी बोलत सुटायची, की घसा बसायचा तिचा. एकदा मधेच थांबून म्हणाली, "अर्डिस, माझ्याशी बोलायचं, हे लिहायला विसरले ग मी."

माझं डोकंच फिरलं. तशीच उठून शेडमध्ये गेले नि रॉइसला वाट्टेल ते बोलले. त्यानं शांतपणे हात पुसले, घरात जाऊन कागद आणला आणि माझ्यापुढे धरला. "मावशी, यातलं काय दिलं नाही ते बोट ठेवून दाखव."

"जाळ तो कागद. आई आहे ती तुझी."

तो खरंच गोंधळला. म्हणाला, "तिला हवं होतं तर सांगायचं ना. मी दोनदा विचारलं होतं. मी काय नाही म्हणणार होतो?"

मी लिओनाची बॅग भरायला घेतली. तिनं माझा हात धरला. त्यानं काही कमी केलं नाही, चूक माझीच आहे, उगाच त्याचं नाव खराब होईल, असं म्हणून तिनं कपडे परत कपाटात लावले. सुंभ जळतो पण पीळ काही जळत नाही, आमच्या घराण्याचा तर नाहीच.

मार्चमध्ये ती गेली, त्याच टेबलावर. केंड्रा ताट उचलायला आली तेव्हा कळलं. सूप संपवलेलं होतं.

दफन झाल्यावर सगळे हॉलमध्ये जमले. हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड, तेच नेहमीचं. पाद्र्यानं सांगितलं की मुलानं आईला दिलेला शब्द शेवटच्या दिवसापर्यंत पाळला, आणि असा मुलगा सगळ्यांना मिळो. माना डोलत होत्या. बायका रॉइसचा हात दाबून जात होत्या. मी कॉफीचा कप खाली ठेवला आणि त्याच्यापुढे उभी राहिले.

"रॉइस, तू आईशी शेवटचं काय बोललास?"

तो प्रामाणिकपणे विचार करू लागला. खोटं बोलायची त्याला सवयच नाही. मग त्याचा चेहरा उजळला.

"जेवलीस का, असं विचारलं होतं. आदल्या संध्याकाळी, स्वयंपाकघरात."

केंड्रा शेजारीच सँडविच लावत होती. "नाही रे," ती म्हणाली, "ते तू कुत्रीला विचारलं होतंस."