दार बंद नसेल तर

आज सकाळपासून मळभ आहे. वारा मुळीच नाही; खिडकीचा पडदासुद्धा हलत नाही. तेव्हा दार वाऱ्याने उघडलं, असं कोणी म्हणू नये.

मी एक मॅक्रो बोलतोय, म्हणजे प्रोग्रॅमच्या ओळी मांडून देणारा. नाव ‘नसेल-तर’. दाराशेजारी भिंतीवर, थोड्या थोड्या वेळाने दाराकडे बघणारी, बोलणारी डबी आहे ना, तिच्या प्रोग्रॅममध्ये मालकांनी मला लिहिलं. मला शाळा नाही, हिशेब येत नाही. मालकांनी घडी घातलेल्या दोन चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या. पहिलीत, ‘दार बंद आहे का?’ दुसरीत, ‘माझा आवाज ऐकव.’ पहिलीचं उत्तर ‘नाही’ आलं, तरच दुसरी उघडायची.

चिठ्ठ्या मी स्वतः वाचत नाही; ते प्रोग्रॅमचं काम. प्रोग्रॅम चालू व्हायच्या आधीच त्या जशाच्या तशा क्रमाने मांडून ठेवायच्या आणि आपण नाहीसं व्हायचं. मग पुढचं पाहिलं कोणी, असं विचारू नका. भुताला हे विचारत नसतात.

मालकांच्या बाई विसरभोळ्या. म्हणून मालकांनी डबीत बोलून ठेवलं, “अगं, दार लावलंस का?” आणि थोड्याच दिवसांत मालक गेले. तेव्हापासून बाई दार लावायला एकदाही विसरल्या नाहीत. दुसरी चिठ्ठी मिटलेलीच राहिली.

मग जावई आले. “आई, मॅक्रो-बिक्रो कशाला? साधं फंक्शन केलं बघा. सुटसुटीत!” माझ्या ओळींपुढे खुणा करून त्यांनी मला गप्प बसवलं.

फंक्शन पोर गुणी, पण उतावीळ. हातात आलेली प्रत्येक चिठ्ठी आधी उघडणार, मग विचार करणार.

बाईंनी कडी लावली. मागून मालक बोलले, “अगं, दार लावलंस का?”

बाईंचा हात कडीवरच राहिला. “लावलंय हो,” त्या हळूच म्हणाल्या.

थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग पुन्हा. दार बंदच होतं.

“लावलंय म्हणते ना!” बाई खालीच बसल्या. “जावईबापू, पुसून टाका तो आवाज. जन्मभर विश्वास ठेवला नाही, आता मेल्यावरही नाही?”

जावयांचं बोट बटणावर गेलं. त्या आवाजाची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

“थांबा हो!” लेक पुढे आली. “बाबांचं बरोबर आहे. ते आधी दार बघायचे, मग बोलायचे. तुमचं फंक्शन आधी बोलतं, मग दार बघतं.”

तिने फंक्शन काढून माझ्यापुढच्या खुणा पुसल्या. घर एकदम शांत झालं.

“आई, आवाज ठेवू की काढू?”

“राहू दे. मी काही दार उघडं टाकत नाही,” बाई म्हणाल्या.

आज लेक-जावई आपल्या घरी परतले. सांज झाली तशी बाई दाराशी आल्या. कडी काढली, दार बोटभर किलकिलं केलं आणि डबीखाली भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. डबीला दाराकडे बघायची पाळी यायला जरा वेळ असतो.

मालकांना दादा म्हणणारे शेजारचे शिंपीकाका जिना चढून आले. “वहिनी, दार...” एवढं बोलले आणि फटीतून बाई दिसल्या. काका थबकले. मग मान वर करून डबीला हळूच म्हणाले, “दादा, दार उघडं आहे हो. विचारा की.”