दाराबाहेरचा खेळ

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. पत्र्याची, हातभर लांब, वरच्या दोन कोपऱ्यांना भोकं पाडलेली. बोईसरच्या एका थिएटरच्या दारावर मी टांगलेली असते. देवू पेंटरने मला रंगवलं. आधी पांढरा हात दिला, तो सुकल्यावर लाल रंगात लिहिलं, ‘फक्त प्रौढांसाठी. १८ वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश नाही.’ ‘प्रौढ’मधला ढ त्याला पहिल्या खेपेला जमला नाही. पुसून पुन्हा काढला. तिथला गुलाबी डाग अजून माझ्या अंगावर आहे.

नवी होते तेव्हा मला माझं काम फार मोठं वाटायचं. लहानांच्या मनाला झेपणार नाही ते त्यांच्या डोळ्यांपर्यंत पोचू द्यायचं नाही, एवढंच ते काम. पण मला वाचायचं कोण? सकाळच्या खेळाला मिसरूड न फुटलेली पोरं माझ्याखालून आत जायची आणि दारावरचा माणूस तिकीट फाडता फाडता दुसरीकडे बघायचा. पुढे लोक तसलं सगळं मोबाइलवर पाहू लागले. मग मला काढून जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांच्या मागे ठेवलं, तोंड भिंतीकडे करून. कडांना गंज चढला. त्याचं मला वाईट वाटलं की नाही, ते आता आठवत नाही.

गेल्या वर्षी मला तिथून रामकिसनने काढलं.

रामकिसन मूळचा जालन्याकडचा. पोटासाठी इकडे आला आणि एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात लागला. काही वर्षांपूर्वी तिथे स्फोट झाला. त्याच्या जोडीला काम करणारा दिपेश त्यात गेला, रामकिसन वाचला. त्यानंतर त्याने कारखान्यात पाऊल ठेवलं नाही. आमच्या दारावर तिकिटं फाडू लागला. बोलायचा कमी. रॉकेलच्या फडक्याने त्याने मला पुसलं, खिळ्यावर अडकवलं आणि मी सरळ आहे की नाही ते लांबून पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

येणारा सिनेमा त्याच स्फोटावरचा होता. मुंबईच्या मोनाली नावाच्या बाईंनी तो काढला होता. त्यात दिपेशच्या मुलीचं काम दिपेशच्या खऱ्या मुलीनेच केलं होतं. तिचं नाव पूर्वी. पालघरजवळच्या माहीमच्या किनाऱ्यावरचं घर. आई पुष्पलता बोंबील सुकवून पालघरच्या बाजारात विकते.

सिनेमावरून आधीच गवगवा झाला होता. कोणी म्हणे, असली दृश्यं दाखवू नयेत. कोणी म्हणे, तीच दाखवायला हवीत. म्हणून पहिल्या दिवशी दाराशी पोलीस बसला होता. मालकाने रामकिसनला बजावलं होतं, “अठराच्या आतलं एकही माणूस आत जाता कामा नये. माझं लायसन्स जाईल.”

दुपारच्या खेळाला माहीमची माणसं टेम्पोतून आली. पुढे पुष्पलता, इस्त्रीची साडी नेसलेली. तिच्यामागे पूर्वी, केसांत अबोलीची वेणी. रामकिसनने पूर्वीच्या हातातलं तिकीट घेतलं, पण फाडलं नाही. तिच्या बारशाला तो जेवून आला होता. तिचं वय त्याला विचारावं लागणार नव्हतं. सतरा पूर्ण झाली होती, अठरा नव्हती.

“लेकरा, तू थांब,” तो म्हणाला.

“का?” पुष्पलताने विचारलं.

त्याने माझ्याकडे बोट केलं. पुष्पलताने मला सावकाश वाचलं. मग म्हणाली, “भाऊ, हिनं बापाला खरोखरचा बघितला हाय. हास्पिटलात. तवा कोणी दारात उभा नाय रेला.”

एवढ्यात मोनालीबाई धावत आल्या. त्यांनी पूर्वीचा हात धरला. “मी खूप भांडले गं. सेन्सॉरवाले म्हणाले, स्फोटानंतरचं दोन मिनिटांचं दृश्य काढा, मग सोळाच्या पुढच्यांना बघता येईल. मी नाही काढलं. ते काढलं असतं तर उद्या कारखानेवालेच म्हणाले असते, काही झालंच नव्हतं. पटतंय ना तुला?”

पूर्वीने मान हलवली. पटत होतंच तिला. “दोन मिनिटं ठेवलीत,” ती म्हणाली, “मला कापलंत.”

आवाजात राग नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं म्हणाली. मोनालीबाईंचा हात सुटला.

“आई, तू जा,” पूर्वी म्हणाली. “कोणीतरी बघाया पायजे.”

पुष्पलता आत गेली. रामकिसनने दार ओढून घेतलं. त्याला आत उभं राहायची मुभा होती, पण तो बाहेर आला आणि पूर्वीच्या शेजारी पायरीवर बसला.

दारामागून आवाज येत होते. यंत्रांची घरघर, शिट्टी. मग मुलीचा आवाज, “बाबा, डबा राहिला.”

“ही मी,” पूर्वी म्हणाली. “हे किती वेळा बोलाया लावलं. ताईंना पायजे तसं येत नव्हतं.”

जरा वेळाने तिने विचारलं, “काका, त्या दिवशी बाबा काय बोलले होते?”

इतक्या वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. सिनेमावाल्यांनीही नाही.

“काय न्हाई,” रामकिसन म्हणाला. “म्हनला, डब्यात सुकट हाय, जेवाया थांब. मी म्हनलं, पानी घिऊन येतो. मी पान्याला गेलो.”

आत मोठा आवाज झाला. माझा पत्रा थरथरला. पायरीवरची दोघं हलली नाहीत.

“पाणी आणलंत?” पूर्वीने विचारलं.

“बाटली हातातच व्हती. घरी गेलो तवा बायकोनं काढून घेतली.”

पूर्वीने केसांतली वेणी काढली, मांडीवर ठेवली. मग खेळ सुटेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिली.

माणसं बाहेर पडली. कोणी डोळे पुसत होतं, कोणी फोन लावत होतं. पुष्पलता सगळ्यांत शेवटी आली.

“कसा होता?” पूर्वीने विचारलं.

“चांगला हाय,” पुष्पलता म्हणाली. “तू चांगली दिसतेस. तुझ्या बाबाचं काम केलं तो माणूस उंच हाय. बाबा एवढा उंच नव्हता.”

“नव्हता,” पूर्वी म्हणाली. दोघी टेम्पोकडे गेल्या.

तो सिनेमा आमच्याकडे आठवडाभर चालला. पूर्वीला अठरा पूर्ण झाली तेव्हा तो कुठेच लागत नव्हता. मोनालीबाईंनी तो तिच्या मोबाइलवर पाठवला, असं तिनेच एकदा रामकिसनला सांगितलं. “बघितला?” त्याने विचारलं. “नाय,” ती म्हणाली. “बाबा उंच दिसल.” आता ती कधीमधी पायरीवर येऊन बसते आणि दिपेशबद्दल एखादी गोष्ट विचारते. आठवेल तेवढं रामकिसन सांगतो.

मित्रांनो, मला उतरवून फेकून द्या असं मी म्हणत नाही. लहानांना जपायलाच हवं, आणि त्यासाठी कुणीतरी दारावर टांगून राहायलाही हवं. पण मी पत्रा आहे. मला फक्त वय कळतं, माणूस कळत नाही. ते तुम्हाला कळतं. म्हणून दार लावून घेण्याआधी बाहेर कोण उरलं ते एकदा पाहत जा. कोणी उरलं असेल, तर त्याच्याजवळ थोडा वेळ बसा.