उरलेली पट्टी

ताईला बापाची भीती कधी वाटली नाही. बापाबद्दलची भीती मात्र गेलं वर्षभर तिच्या पोटात पाय पसरून बसली होती.

टायरचं दुकान बाप-लेक दोघं मिळून चालवायची. बापाला सगळे मिस्त्री म्हणायचे आणि लेकीला ताई. अगदी तिच्या दुप्पट वयाचे ट्रकवाले सुद्धा. मिस्त्री अलीकडे विसरायला लागले होते. आता चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणं काय, सगळेच करतात, त्याचं एवढं काय घेऊन बसायचं? पण चहाचा भरलेला कप पान्यांच्या खणात ठेवून खण लावून टाकणं वेगळं. जेवताना तोच किस्सा दुसऱ्यांदा सांगणं, आणि दुसऱ्यांदाही तितकंच मनापासून हसणं वेगळं. ताई पण हसायची. मग रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

कुणाला सांगायची सोय नव्हती. टायरवाला विसरतो म्हटल्यावर त्याच्याकडे कोण गाडी घालणार? म्हणून तिनं एक चोरटा मार्ग काढला. मिस्त्रींनी बसवलेलं चाक गिऱ्हाईक न्यायच्या आत ती गुपचूप पुन्हा तपासायची. जन्मदात्याच्या कामावर अशी पाळत ठेवायची तिला शरम वाटे. पण शरम परवडली, असं ती स्वतःला बजावायची. आजवर एकही चूक सापडली नव्हती, हेही खरं.

अशात दातांच्या डॉक्टरीणबाई त्यांची जुनी स्पोर्ट्स गाडी घेऊन आल्या. गडद हिरवी, बुटकी, उघड्या टपाची, दोनच माणसांची. चाकं सायकलसारखी तारांची. बाई तिला ‘माझी म्हातारी’ म्हणायच्या आणि स्वतः साठी ओलांडल्याचं सोयीस्कर विसरायच्या.

“नक्षी बघा कशी कोरी करकरीत आहे,” त्या म्हणाल्या. “या टायरना काय धाड भरलीय? पण मेकॅनिक म्हणतो, बदला.”

“बरोबर म्हणतो,” मिस्त्री उकिडवे बसले. त्यांनी टायरची कड अंगठ्यानं दाबून दाखवली. बारीक बारीक चिरा उघडल्या. “झाकून ठेवली म्हणून रबराचं वय थांबतं होय? आपलं थांबलंय का?”

“माझं थांबलंय,” बाई म्हणाल्या, आणि दोघं हसली.

ताईनं रुंद, नव्या पद्धतीचे टायर सुचवले. रस्ता घट्ट धरतील, ब्रेक चांगला लागेल. बापानं आणि बाईंनी एकदमच नकारार्थी मान हलवली. जुन्या गाडीला रुंद टायर घातला की स्टिअरिंग दगडासारखं जड होतं, आणि वळताना टायर पत्र्याला घासतो. शेवटी जुन्याच मापाचे, अरुंद पण ताजे घडवलेले टायर ठरले, आणि आत ट्यूब. तारांच्या भोकांतून हवा निसटते, तिथे ट्यूबशिवाय भागतच नाही.

“परवा नातीला घेऊन घाट उतरायचाय,” बाई म्हणाल्या. “पोरीला कबूल करून बसलेय. तेव्हा मिस्त्री, तुमच्याच हातानं बसवा. ताई, राग मानू नकोस हं.”

ताईनं राग मानला नाही. तिला धास्ती वाटली, ती वेगळ्याच कारणानं.

त्या चाकात एक मेख असते. तारांची टोकं रिमच्या आतल्या बाजूला वर आलेली असतात. त्यांच्यावरून गोल रबरी पट्टी चढवायची, मग ट्यूब, मग टायर. पट्टी राहिली तर टोकं ट्यूबला घासत राहतात. दुकानाच्या दारात काही कळत नाही. गाडी तापली, वेग आला, वळण आलं, की ट्यूब फाटते आणि हवा एका दमात जाते.

परवाचा दिवस उजाडला. तीन चाकं होईपर्यंत ताई बापाच्या शेजारी होती. टायर चढवायची लिव्हर दे, ट्यूबला पावडर लाव, असं करत तिनं प्रत्येक पट्टीवर नजर ठेवली असं तिला वाटत होतं. पण मधेच भाजीचा टेम्पो पंक्चर होऊन आला, त्याचा ड्रायव्हर घाईनं नाचायला लागला, आणि त्या तीन चाकांच्या वेळीही दोन-तीनदा तिला उठावं लागलं. शेवटी ती वळून बघते तर चौथं चाक गाडीवर चढलंसुद्धा होतं, आणि मिस्त्री त्याच्या मधोमध असलेलं दोन पंखांचं नट तांब्याच्या हातोड्यानं ठोकत होते. बाई आणि नात येऊन उभ्याच होत्या. आता काय, बापाला सगळ्यांसमोर म्हणायचं, उतरवा चाक, मला बघू द्या? नात टाटा करत गेली.

मग झाडताना कामाच्या चौरंगाखाली तिला ती सापडली. नवी रबरी पट्टी.

तिनं चार चाकांना चारच पट्ट्या मागवल्या होत्या.

“बाबा, पट्ट्या सगळ्या बसवल्या ना?”

“म्हणजे काय! न बसवता टायर चढवीन होय?”

“मग ही कुठली?”

मिस्त्रींनी पट्टी हातात घेतली. उलटली. सुलटली. “जास्तीची आली असेल.”

“नाही आली. कुठल्या चाकात राहिली, बाबा? आठवा.”

“मागच्या…” ते थांबले. “नाही. मागच्या नाही. थांब जरा.” त्यांनी डोळे मिटले. ताई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. एखादं माणूस काळोख्या खोलीत भिंत चाचपडतं तसा तो चेहरा दिसत होता. ते डोळे उघडून म्हणाले, “पोरी, फोन लाव.”

फोन वाजून वाजून थकला. उघड्या गाडीत वाऱ्याच्या आवाजात कुणाला ऐकू येतोय! ताईनं दुकानाचं शटर ओढलं, हवेची टाकी आणि जॅक व्हॅनमध्ये टाकला आणि बापाला शेजारी बसवलं.

त्या वाटेवर तिनं काय काय बघितलं ते तिचं तिलाच ठाऊक. रस्त्याच्या कडेला माणसं घोळक्यानं उभी दिसली की तिचा पाय ब्रेकवर जायचा. माणसं बसची वाट बघत असायची. कठड्याखाली काही हिरवं दिसलं की ती मान उंचावून बघायची. ते झुडूप असायचं. पोरीनं टाटा केला तेव्हा तिच्या हाताला पिवळा रबरबँड होता, तेवढंच सारखं डोळ्यांसमोर येत होतं. ‘बाईंना काही झालं तर’ हे वाक्य ती मनात पुरं करू शकायची. पोरीचं वाक्य पुरं होत नव्हतं.

आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक भीती होती, तिचा तिला रागच आला. गाडी सापडली तर बाईंना सांगायचं काय? खरं सांगितलं तर उद्यापासून मिस्त्रींच्या हाती कुणी सायकलही देणार नाही. हातातली लिव्हर गेली तर हा माणूस किती दिवस टिकेल?

“मी सांगेन ट्यूबमध्ये खोट निघाली,” ती म्हणाली. “कंपनीचा फोन आला म्हणून. तुम्ही काही बोलू नका.”

मिस्त्री काचेतून पुढे बघत होते. पट्टी त्यांच्या मुठीत घट्ट होती.

घाट जिथे खरा उतरायला लागतो, तिथे दरी बघायला गाड्या थांबतात. हिरवी म्हातारी तिथे उभी होती. पोर बॉनेटला टेकून बिस्कीट खात होती. ताईनं व्हॅन थांबवली आणि जॅक उचलून ती खाली उतरली.

बाईंनी खोट्या ट्यूबची गोष्ट ऐकून घेतली. “बरं झालं बाई आलात,” म्हणाल्या आणि पोरीला बाजूला घेऊन उभ्या राहिल्या.

ताईनं आधी पुढची चाकं घेतली. पुढचं फुटलं तर गाडी हातात राहत नाही. हवा सोडली, लिव्हर घालून टायरची एक कड बाहेर काढली, ट्यूब ओढली, आत हात घातला. पट्टी होती. दुसऱ्यात होती. मागच्या डाव्यात होती.

आता हिशोब करायला काही उरलंच नव्हतं. उजवं मागचं. या चाकावर ही पोर इथवर आली. लिव्हर दोनदा निसटली. तिनं कड उचलली, ट्यूब बाजूला केली, आणि तारांची टोकं बोचणार म्हणून बोट जपून आत सरकवलं.

बोट मऊ कापडावरून गेलं.

तिनं ट्यूब पुरती ओढून आत डोकावून बघितलं. रिमभर कापडी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. दुहेरी. कुठे सुरकुती नाही, शेवट आत दुमडलेला. रबरी पट्ट्या मिळत नसत तेव्हाची पद्धत. तिनं बापाच्या मुठीतली पट्टी घेतली आणि या वेळी नीट बघितली. जोडावर रबराची टणक गाठ होती. ट्यूबला तीच घासली असती. म्हणून त्यांनी ती टाकून दिली होती. आणि हे तिनं दुकानातच बघायला हवं होतं, पण भ्यालेल्या माणसाला पुढ्यातलं कुठे दिसतं!

तिला एकदम हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. “काही नाही झालं,” ती बाईंना म्हणाली. “सगळं ठीक आहे. अगदी ठीक.”

“मग? मिस्त्रींचा हात आहे तो!” बाई म्हणाल्या. “उगाच घाबरवलंत.”

मिस्त्री खाली बसून त्या कापडावरून बोट फिरवत होते. फिरवत फिरवत ते पुन्हा सुरुवातीला आले.

“हे मी लावलं?” त्यांनी हळूच विचारलं.

“तुम्हीच, बाबा. दुसरं कोण असा शेवट दुमडतं?”

“चांगलं लावलंय,” ते म्हणाले. मग म्हणाले, “मला आठवत नाही गं.”

ताईचं हसू जागच्या जागी थिजलं. चूक निघाली असती तर एक वेळ बरं, असं तिच्या मनात आलं. चुका काय, सगळ्यांच्या होतात. ही चूक नव्हती. सकाळी याच माणसानं गाठ ओळखली, पट्टी बाजूला टाकली, टेप आणून गुंडाळली, आणि दुपारी त्यातलं काहीसुद्धा त्याच्याजवळ उरलं नव्हतं.

“बाबा, राहू द्या आता,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “घरी बोलू.”

पण मिस्त्री गुडघ्यावर हात रोवून उठले आणि बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

“डॉक्टरीणबाई, ट्यूबमध्ये काही खोट नव्हती. पोरगी माझ्यासाठी खोटं बोलली. एका चाकात काय घातलं ते मला आठवेना, म्हणून आलो तुमच्या मागे.” त्यांनी चाकाकडे बोट केलं. “आज नीट निघालं. उद्याचं मी सांगू शकत नाही. यापुढे हिच्याकडे द्या.”

पोर बिस्कीट चघळत त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

“आजोबा, तुम्ही घाबरलात?”

“हो,” मिस्त्री म्हणाले. “खूप घाबरलोय, बाळ.”

वर्षभर ताईला वाटत होतं की घरात घाबरणारी ती एकटीच आहे. ती उठली, बापाजवळ गेली आणि त्यांचा काळा, तेलकट हात तिनं दोन्ही हातांत धरला. तो थंडगार होता. मग दोघं चाकाशी येऊन बसली. ट्यूब आत सारताना मिस्त्रींनी सवयीनं लिव्हर उचलली, टायरच्या कडेला लावली, आणि तशीच धरून तिच्याकडे बघत राहिले.

“द्या, बाबा,” ताई म्हणाली.

त्यांनी दिली.