मेंढ्यांच्या नावावर

बैरेगौडांची नाचणी त्या साली कमरेच्या वर गेली होती. रस्त्यानं जाणारा माणूस थांबायचा, बांधावर चढायचा आणि विचारल्याशिवाय राहायचा नाही, "गौडरे, घातलंत तरी काय हो?"

"लेंडीखतासाठी शेतात मेंढ्या बसवल्या होत्या," गौडा म्हणायचे. "दोन आठवडे. आमच्या वडिलांची पद्धत."

आता मेंढ्या बसल्या होत्या हे काही खोटं नव्हतं. फक्त त्या सहा वर्षांपूर्वी बसल्या होत्या. गेली दोन वर्षं शेतात पडत होतं ते तालुक्याच्या गावचं सोनखत. घरोघरच्या संडासांच्या टाक्या उपसून गाड्या मैला आणायच्या. प्लांटवर तो गाळायचा, उन्हात सुकवायचा, पाल्याबरोबर कुजवायचा. शेवटी हातात यायची काळीभोर, भुसभुशीत माती. नाकाशी धरली तरी वास नाही. पण वास गेला म्हणून नाव थोडंच जातं? सोनखत म्हणा नाहीतर रत्नखत म्हणा, ते कशाचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि प्लांटची गोष्ट निघाली तेव्हा ग्रामसभेत उभं राहून "दुसऱ्याची घाण आमच्या मातीत नको!" असं ठणकावणारे दुसरेतिसरे कोणी नव्हते, बैरेगौडाच होते. टाळ्याही कडकडून पडल्या होत्या. एकदा टाळ्या घेतल्या की माणूस त्यांचा नोकर होतो.

खत आणून द्यायचा अंजिनप्पा. प्लांटवर कामाला, आणि गौडांच्या भावकीतलाच. ट्रॅक्टर त्यानं उजाडायच्या आत तळ्यामागच्या वाटेनं आणायचा, अशी गौडांची अट होती.

"अण्णा, ताकाला यायचं आणि भांडं लपवायचं," तो हसून म्हणायचा. पण दोन वर्षांत त्यानं हे बायकोजवळसुद्धा काढलं नाही.

त्याच्या मुलीला, चैत्राला, मालूरकडचं स्थळ आलं. मुलानं मुलगी पाहिली, पसंतही केली. उरली होती फक्त गावातली चौकशी. आदल्या संध्याकाळी अंजिनप्पा गौडांच्या दारात आला. आत न येता पायरीवरच टेकला.

"उद्या मुलाचे वडील येतायत, अण्णा. भावकीत मोठे तुम्ही, तुमच्याकडेच येतील. दोन शब्द चांगले सांगा. तीन स्थळं गेली माझ्या कामापायी. 'मैलेवाल्याची पोर' म्हणतात. पोरगी आता फोटो काढून द्यायलाही तयार नाही."

"हे काय सांगायला हवं, वेड्या?" गौडा म्हणाले. आणि अगदी मनापासून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाचे वडील, चन्नेगौडा, आले. टोमॅटो पिकवणारा माणूस, बोलणं कमी, नजर बारीक. नेमके त्याच वेळी पंचायतीचे दोन मेंबर ओसरीवर ठाण मांडून होते. गौडांच्या पत्नी होन्नम्मांनी सगळ्यांनाच वाढलं. नाचणीच्या उकडीचे वाफाळते गोळे, म्हणजे मुद्दे, आणि वालाच्या दाण्यांचं सार. पाहुण्यांनी घास तोडला, सारात बुडवला, गिळला आणि मान डोलावली.

"नाचणीला गोडी आहे हो. येताना शेत पाहिलं तुमचं. मधेमधे टोमॅटोची रोपं उगवलीत."

मेंबरांनी माना वर केल्या. गौडांची जीभ मात्र तयार होती. "मेंढ्या! भाव पडला की तुमच्याकडचे लोक टोमॅटो रस्त्यावर ओततात ना? मेंढ्या तेच खाऊन येतात, आणि मग शेतात..."

मेंबर खो खो हसले. एवढी बेमालूम थाप आपल्याला कशी सुचली, याचं गौडांनाच कौतुक वाटलं.

"मेंढ्याच," पाहुणे म्हणाले.

मुद्दे संपले तेव्हा ते मुद्द्यावर आले. "अंजिनप्पा कसा माणूस आहे? काय काम करतो ते मला माहीत आहे. माणूस कसा, तेवढं सांगा."

सांगण्यासारखं किती होतं! गौडा तापानं फणफणले होते तेव्हा न बोलावता येऊन त्यानं त्यांचं शेत नांगरून दिलं होतं. पण एवढं सांगितलं की मेंबर विचारणार, "गौडरे, भलतीच घसट दिसते! तळ्यामागे ट्रॅक्टरची चाकं उमटतात ती त्याचीच वाटतं?" मूग गिळून बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. तेही जमलं नाही.

"भावकीतला आहे म्हणायला," गौडा म्हणाले. "पण आमचं येणंजाणं नाही. त्याच्या हातचं काही आमच्या घरात येत नाही."

आत होन्नम्मांच्या हातातली पळी थांबली.

आठ दिवसांनी निरोप आला, योग नाही. अंजिनप्पा स्वतःच सांगायला आला. "कामच नडलं, अण्णा. तुम्ही तर चांगलंच सांगितलं असणार. तुमचा काय दोष?"

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर गौडांना बरं वाटलं असतं. ते नुसते मान हलवत राहिले आणि तो गेल्यावर गोठ्यात जाऊन उभे राहिले. लाज वाटणं म्हणजे काय, हे त्यांना साठाव्या वर्षी कळत होतं. ती गालावर येत नाही, घशात बसते. तिथून घास जाईना. त्यात होन्नम्मा रोज ताट सरकवायच्या आणि न चुकता म्हणायच्या, "घ्या. मेंढ्यांचं आहे."

पाचव्या दिवशी गौडांनी धुतलेला पंचा खांद्यावर टाकला आणि मालूरची बस धरली.

चन्नेगौडा अंगणात टोमॅटोचे क्रेट रचत होते. "बसा" म्हणाले, तरी गौडा बसले नाहीत. वाटभर जुळवलेलं एका दमात बोलून टाकलं. "तुम्ही खाल्लीत ती नाचणी अंजिनप्पाच्या खताची होती. मेंढ्याबिंढ्या काही नव्हत्या. दोन वर्षं त्याच्याच खतावर पिकतंय माझं. त्याच्या कामात घाण नाही. त्यापायी पोरीला नाकारू नका."

चन्नेगौडांनी हातातला क्रेट खाली ठेवला. "खताचं मला बांधावरच कळलं होतं. माझ्याही तीन एकरांत तेच आहे. टोमॅटोचं बी माणसाच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं, असे आगंतुक उगवतातच त्यात. कामासाठी कशाला नाकारू? उलट म्हटलं, व्याही झाला तर पहिली गाडी माझ्या दारात येईल."

"मग?"

"मी माणसाचं विचारलं होतं, गौडरे. ज्याचं खत शेतात, ज्याचा घास ताटात, त्याच्याबद्दल सख्खी भावकी सांगते, येणंजाणं नाही. म्हणजे दोघांतला एक जण नक्की वाईट. आता एवढं मोठं घर, ओसरीवर पंचायत बसलेली. तुम्हाला वाईट समजायला माझंच मन धजेना. म्हणून त्याला समजलो."

गौडांना खांद्यावरचा पंचा कुठे ठेवावा कळेना. "वाईट मी," ते म्हणाले. "तो नाही. चला, आत्ता जाऊ, मी चारचौघांत सांगतो. ग्रामसभेत सांगतो."

"मुलाचं परवा ठरलं. दुसऱ्या घरी शब्द दिलाय."

ऊन डोक्यावर आलं होतं. आतून बाईचा आवाज आला, "अहो, पाहुण्यांचंही पान घेऊ ना?"

चन्नेगौडांनी बैरेगौडांकडे एकदा नीट पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "ते निघालेत."