ओरखडा नसलेलं कुलूप

पोलीस दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. एरवी मी कुणाला भिणारी बाई नाही. गिऱ्हाइकानं आवाज चढवला की माझा दोन पट्ट्या वर जातो, हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. पण गणवेश दिसला आणि हातातली कानस खाली पडली, ती उचलायचंही सुचेना.

मी चावीवाली. धंदा मूळचा नवऱ्याचा. तो गेल्यावर लोक म्हणाले, दुकान विकून टाक, बाईमाणसाचं काम नाही हे. मी म्हटलं, कुलपाला काय कळतंय हात बाईचा की बाप्याचा? तेव्हापासून मी आणि माझी लेक त्या दुकानावरच जगतोय.

ते पोलीस भागातल्या सगळ्या चावीवाल्यांना एकच गोष्ट विचारत फिरत होते. पाण्याच्या टाकीजवळच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, मागच्या आठवड्यात कुणाचं दार उघडून दिलंत का? मी म्हटलं, आठवावं लागेल. त्यातला एक म्हणाला, मग नीट आठवा आणि उद्या सकाळी ठाण्यात येऊन सांगा. जाता जाता त्यानं कारणही सांगितलं. तिथे एक नर्स एकटी राहते. नवरा मारहाण करायचा, म्हणून त्यानं त्या घरात पाऊल टाकायचं नाही असा कोर्टाचा मनाई हुकूम आहे. ती कामावरून आली, आपल्या चावीनं कुलूप उघडून आत गेली, तर हा आत बसलेला. तिचा हात मोडला त्यानं. आणि आता म्हणतो, हिनंच मला बोलावून आत घेतलं, बघा की, कुलपाला साधा ओरखडा तरी आहे का?

आठवायला काय लागतं? मला सगळं लख्ख आठवत होतं. भरदुपारी आला होता तो. इस्त्रीचे कपडे, हातात भाजीची पिशवी, बोलणं कसं अगदी लोण्यासारखं. बायको कामावर गेली, चावी तिच्याकडे राहिली, म्हणाला. आमच्या धंद्यात एक रीत आहे, शेजाऱ्याला विचारल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. ती मी पाळली. समोरच्या पेन्शनवाल्या आजोबांनी साखळीपुरतं दार उघडलं, हो, तिचाच नवरा तो, असं म्हणाले आणि दार लावून घेतलं. खोटं नव्हतंच ते. नवराच होता.

मग मी माझं काम केलं, आणि मन लावून केलं. इथेच घात झाला. पहार घालून दार उघडणं हे हमालाचं काम, असं नवरा म्हणायचा. आपण कुलूप असं उघडायचं की उघडलं हे कुलपालाही कळता कामा नये. त्या दिवशी मी तसंच उघडलं. मी निघाले आणि मागे दार ओढल्याचा आवाज आला, कुलूप आपोआप जागच्या जागी बसलं. तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. आता तेच कौतुक मला खायला उठलं.

संध्याकाळी दीर आले. घरात आम्ही त्यांना हायकोर्ट म्हणतो. तरुणपणी ते एका वकिलाच्या कचेरीत फायली बांधायचे, तेव्हापासून सगळ्या गोष्टींवर निकाल देतात. भाजीत मीठ जास्त पडलं तरी पुरावा मागतात. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि गंभीर झाले.

"वहिनी, दिवाणी असतं तर घाबरायचं कारण नव्हतं," ते म्हणाले. "दिवाणीत घरदार जातं, फौजदारीत माणूस जातो. हे फौजदारी आहे."

मग त्यांनी एकेक शब्द काढून माझ्यापुढे मांडायला सुरुवात केली. गुन्ह्याला मदत करणारा तो सहआरोपी. दखलपात्र गुन्हा म्हणजे वॉरंट न दाखवता अटक. जामीन मिळाला तर मिळाला, नाहीतर कोठडी. लेक स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून ऐकत होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी म्हटलं, भाऊजी, धीर द्यायला आलात की जीव घ्यायला? तर म्हणाले, उपायही आहे. घटनेनं हक्क दिलाय, कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नाही. तेव्हा तिथे जायचं आणि ब्र काढायचा नाही. शेजारचे आजोबा पोलिसांना काय म्हणाले हेही त्यांनी येताना काढून आणलं होतं. आजोबांनी कानावर हात ठेवले होते, मी कुणाला पाहिलंच नाही म्हणून.

म्हणजे मी बोलले नाही तर कुणाला काही कळणार नव्हतं. हे डोक्यात आलं आणि मला हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याची लाज वाटली. आणि मग पुन्हा भीती. माझं काही झालं तर लेकीनं कुणाच्या तोंडाकडे बघायचं? हायकोर्टाच्या?

सकाळी ठाण्यात गेले. दीर बरोबर होते, पण दाराशी आल्यावर त्यांना अचानक बाहेर थांबणं बरं वाटलं. आतल्या खोलीत एक अधिकारीणबाई बसल्या होत्या. डोळे तांबारलेले, पुढ्यात गार झालेला चहा. त्यांनी विचारलं, उघडलंत का दार? मी पाठ केलेलं म्हणून टाकलं, की मला गप्प राहायचा हक्क आहे, घटनेनं दिलाय. मला वाटलं आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. आहे हक्क, कुणी काढून घेत नाही, म्हणाल्या, बाहेर बाकावर बसून विचार करा आणि काय ते सांगा.

बाकावर आधीच एक बाई होती. तिशीची असेल. डावा हात प्लास्टरमध्ये, ओठाजवळ पिवळा पडत चाललेला डाग. मला सांगावं लागलं नाही ती कोण ते. मी शक्य तेवढी लांब बसले. पण बाक तो केवढा! तिला वाटलं मीही कुणाची तक्रार घेऊन आलेय. तुमचाही नवराच का, असं विचारलं तिनं, आणि मी हो नाही काही म्हणायच्या आत स्वतःचं सांगू लागली. दुपारी त्याच्या जामिनाची सुनावणी होती. तो सुटणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं. बोलताना तिची बोटं उजव्या हातातल्या किल्लीवरून सारखी फिरत होती.

"सगळे म्हणतात, कुलपाला ओरखडा नाही, म्हणजे तूच आत घेतलंस," ती म्हणाली. "इतक्यांनी विचारलंय की आता मलाच वाटायला लागलंय, मीच दार उघडं टाकून गेले असेन."

हात मोडला तो त्यानं मोडला. पण ही जी स्वतःवरच शंका घ्यायला लागली होती, ती माझ्या कामाची करामत होती. मी त्या दाराला एक ओरखडा जरी पाडला असता, तरी आज तिच्या बाजूनं बोलायला काहीतरी असतं. आणि जे बोलू शकत होतं, ते इथे तिच्या शेजारी बसून घटनेनं दिलेला हक्क आठवत होतं!

लेकीचा पांढरा चेहरा समोर आला. गप्प बस, गप्प बस, असं आतून कुणीतरी सांगत होतं, अगदी भाऊजींच्या आवाजात. मी गप्प बसणार होते, देवाशपथ सांगते. पण तिची बोटं त्या किल्लीवरून थांबेनात.

"दार मी उघडलं," मी म्हटलं. "मी चावीवाली आहे. त्यानं सांगितलं माझं घर आहे, मी उघडून दिलं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं थोबाडीत देईल, आणि दिली असती तर मी घेतली असती. ती हळूच थोडी सरकून बसली, माझ्यापासून लांब. मग तिनं विचारलं, किती वेळ लागला? मी खोटं बोलू शकले असते. बरीच खटपट करावी लागली म्हटलं असतं तर तिला जरा बरं वाटलं असतं. पण म्हटलं, आता कुठे खरं सांगायला सुरुवात केलीय. मी सांगितलं, कपातला चहा गार झाला नसता, एवढाच वेळ.

"नवीन बसवून घेतलं होतं मी ते कुलूप," ती म्हणाली. "त्याच्याच भरवशावर झोपत होते." आणि तिथेच तोंडावर हात धरून रडली. मी तिच्या पाठीला हात लावायला गेले आणि मागे घेतला. रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं. माझे आभार वगैरे काही नाही, का मानावेत? आत चला, म्हणाली, तिथे सांगा.

अधिकारीणबाईंना मी आधी विचारलं, मी आरोपी की साक्षीदार, ते एकदा सांगा. त्यांनी काही गोड बोलून फसवलं नाही. नुसतं दार उघडणं हा गुन्हा नाही, म्हणाल्या, मनात हेतू काय होता ते बघतात. त्याच्यावर मनाई हुकूम आहे हे तुम्हाला माहीत होतं? मी म्हटलं, मला कुठून कळणार, त्याच्या कपाळावर लिहिलं होतं का? मग माझ्या समजुतीप्रमाणे तुम्ही साक्षीदार, त्या म्हणाल्या. पण त्याचा वकील तुम्हाला सोडणार नाही. तुम्हीही सामील होता, असंच म्हणेल. तरी मी जबाब दिला. भाजीची पिशवी, आजोबांची साखळी, कुठली हत्यारं वापरली, सगळं. सही करताना अक्षर माझं मलाच ओळखू येईना.

कोर्ट समोरच होतं, रस्ता ओलांडून. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, मी एका दिवसात शहाणपण सोडून दिलं. भाऊजींना सगळं कळलं तेव्हा ते डोक्याला हात लावून बसले, पण बरोबर आले. आत एकामागून एक प्रकरणं भराभर पुढे सरकत होती. आमची पाळी आली तेव्हा सरकारी वकिलानं उठून माझा जबाब वाचला. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पिंजऱ्यातल्या त्या नवऱ्याकडे पाहिलं. पत्नीनं आत घेतलं हे म्हणणं आता टिकत नाही, हुकूम मोडलेला दिसतो, जामीन नाकारला, एवढंच म्हणाल्या आणि पुढची फाईल ओढली. नर्सनं माझ्या मनगटाला धरलं होतं. कधी धरलं ते मला कळलंच नव्हतं.

आम्ही जिना उतरत होतो. खालच्या वळणावर दोन शिपाई त्याला घेऊन उभे होते, गाडीची वाट बघत. मला पाहून तो हसला. आवाज तोच, लोण्यासारखा.

"ताई, काम छान करता तुम्ही," तो म्हणाला. "तुमच्या घराला कुलूप कुठलं आहे ते एकदा बघायला येईन."

शिपायानं चल चल म्हणत त्याला ओढलं. मी कठड्याला धरून उभी राहिले. घरी लेक एकटी होती. एकच वाटत होतं, धावत घरी जावं, दुकान बंद करावं, त्या जबाबावरची सही खरवडून काढावी. नर्स माझ्याकडे बघत होती. असलं बोलणं तिनं वर्षानुवर्षं ऐकलेलं होतं आणि ते कुणी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं.

"वहिनी," भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "साक्षीदाराला धमकावणं हा वेगळा गुन्हा असतो. हे मात्र मला नक्की माहीत आहे."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा निकाल मला पटला. मी त्यांना म्हटलं, तुम्ही आधी घरी जा, लेकीजवळ बसा आणि मी येईपर्यंत हलू नका. ते खरंच गेले, एकही कलम न सांगता. मग मी आणि नर्स रस्ता ओलांडून परत ठाण्यात गेलो. अधिकारीणबाई नुकत्याच जेवायला बसल्या होत्या. माझे दात वाजत होते, ते लपवायचा मी प्रयत्नही केला नाही.

"मॅडम," मी म्हटलं, "अजून एक लिहून घ्या."